वाचता येईल अशी नंबर प्लेट द्या: परिवहन आयुक्तांना खुले पत्र

मा. परिवहन आयुक्त,
महाराष्ट्र राज्य, मुंबई

सविनय नमस्कार.

मी सातारा जिल्ह्यात वकिली करते. माझे बरेचसे काम मोटार अपघात दावा न्यायाधिकरणासमोर चालते आणि मी अर्जदारांच्या बाजूने उभी राहते. घरचा कर्ता माणूस गेला, किंवा पाय कापावा लागला, अशा घरांतून माझे पक्षकार येतात. हे पत्र नंबर प्लेटविषयी आहे. गेला काही काळ राज्यात एचएसआरपीची, म्हणजे उच्च सुरक्षा नोंदणी प्लेटची, मोहीम चालू आहे. १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाड्यांना नव्या प्लेट बसवण्यासाठी आपण आधी ३१ मार्च २०२५ ही मुदत दिली, मग ती पुन्हा पुन्हा वाढवली. या काळात दरावर वाद झाला, केंद्रांवरच्या गर्दीवर झाला, ऑनलाइन तारीख मिळण्या-न मिळण्यावर झाला. रस्त्याकडेला उभ्या असलेल्या साध्या माणसाला त्या प्लेटवरचा नंबर वाचता येतो का, हा प्रश्न मात्र कुणी विचारलेला माझ्या पाहण्यात नाही. माझ्या कामात सगळा खेळ त्याच प्रश्नावर ठरतो, म्हणून तो आपल्यापुढे ठेवते.

नंबर मिळाला तर काय होते आणि नाही मिळाला तर काय होते, हे आधी पैशांत सांगते, कारण मागे राहिलेल्या घराला दुसऱ्या दिवसापासून पैशांचाच विचार करावा लागतो. समजा चौतीस वर्षांचा एक माणूस छोटा धंदा करून महिना १५ हजार कमावतो. मागे बायको, दोन मुले आणि आई. गाडीचा नंबर मिळाला, गाडीचा विमा चालू असला, तर न्यायाधिकरणात हिशेब असा होतो: वर्षाचे १ लाख ८० हजार, त्यात भविष्यातील वाढीचे ४० टक्के, त्यातून त्याच्या स्वतःच्या खर्चाचा चौथा हिस्सा वजा, आणि वयाप्रमाणे १६ चा गुणक. हा आकडा ३० लाखांच्या वर जातो. सर्वोच्च न्यायालयाने २००९ आणि २०१७ च्या निकालांत घालून दिलेली ही रीत आहे, त्यात कुणाच्या मर्जीचा भाग फारसा उरत नाही. नंबर मिळाला नाही, तर त्याच घराला मोटार वाहन कायद्याच्या कलम १६१ खाली २ लाख रुपये मिळतात. गंभीर जखमीला ५० हजार. एप्रिल २०२२ च्या आधी तर मृत्यूला २५ हजार होते, तेव्हा वाढ झाली हे मान्यच आहे. पण ३० लाख आणि २ लाख यांच्यामधली दरी काही अक्षरे आणि आकडे दिसले की नाही, एवढ्यावर उभी आहे.

नंबर नसलेल्या प्रकरणाचा प्रवास आपल्याला ठाऊक असेल, तरी वाचकांसाठी लिहिते. फिर्याद ‘अज्ञात वाहनचालकाविरुद्ध’ दाखल होते. पंचनाम्यात काचांचे तुकडे, रंगाची खरवड, टायरची खूण येते. हवालदार ढाब्यावर, पेट्रोल पंपावर, टोलनाक्यावर विचारून येतात. काही महिन्यांनी ए समरी जाते, म्हणजे गुन्हा खरा, पण आरोपी सापडला नाही. न्यायालय ती मंजूर करते आणि फाइल बंद होते. कधी तरी मधल्या काळात गाडी सापडते. अशा वेळी विमा कंपनीचा पहिला मुद्दा ठरलेला असतो: फिर्यादीत नंबर नव्हता, नंतर आला, म्हणजे नुकसानभरपाईसाठी ही गाडी मागाहून गोवली. खोटी गाडी उभी करण्याचे प्रकार होतात, हे मी नाकारत नाही. त्यामुळेच खऱ्या अर्जदारालाही पहिल्या दिवशी पूर्ण नंबर सांगता आला नाही, की पुढची पाच-सहा वर्षे त्याला संशयाच्या सावलीत काढावी लागतात.

एका प्रकरणातला उलटतपास मला अजून शब्दशः आठवतो. पहाटे डेअरीला दूध घालायला निघालेला एक शेतकरी साक्षीदार होता. त्याच्यासमोर टेम्पोने सायकलवाल्याला उडवले आणि टेम्पो थांबला नाही. साक्षीदाराने किटल्या टाकल्या आणि टेम्पोमागे पाच-पन्नास पावले धावला. त्याने फिर्यादीत सांगितले होते, ‘एमएच अकरा, शेवटचा आकडा आठ, त्याआधी तीन.’ समोरच्या वकिलांनी विचारले, ‘तीन की आठ?’ तो म्हणाला, ‘तीन.’ ‘शेवटचा आठ होता की बी?’ तो गप्प झाला. ‘उजेड कशाचा होता? लायटीचा की चंद्राचा?’ तो म्हणाला, ‘साहेब, मी बघितलंय.’ माणूस प्रामाणिक होता. त्या टेम्पोच्या प्लेटवर चिखल होता, वरचा दिवा बंद होता, टेम्पो त्याच्यापासून दूर चालला होता आणि रस्त्यात माणूस पडला होता. अशा वेळी त्याने जेवढे टिपले तेवढेही पुष्कळ होते. पण त्या न टिपलेल्या आकड्यांचा भुर्दंड सायकलवाल्याच्या घराला बसला.

आता प्लेटकडे येते. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम ५१ चा तक्ता काढून पाहावा. मोटारसायकलच्या पुढच्या प्लेटवर अक्षरे व आकडे ३० मिलिमीटर उंच, मागच्या प्लेटवर अक्षरे ३५ आणि आकडे ४०. रिक्षासारख्या तीनचाकींना ३५ किंवा ४०. बाकी ‘इतर सर्व मोटार वाहने’ या एकाच ओळीत येतात: उंची ६५, जाडी १०, दोन अक्षरांत अंतर १०. या ओळीत घरातली छोटी मोटार आहे, आणि खडी भरलेला बारा चाकी डंपरही आहे. दोघांना सारखेच ६५ मिलिमीटर.

६५ मिलिमीटर किती लांबून दिसते याचा अंदाज घ्यायला एक चांगली मोजपट्टी आहे. ब्रिटनमध्ये गाडी चालवणाऱ्याची नजर नंबर प्लेटवरच तपासतात. तिथली अक्षरे ७९ मिलिमीटर उंच, आणि ती २० मीटरवरून वाचता आली पाहिजेत, एवढी किमान अट. म्हणजे परवान्यापुरती चांगली नजर असलेला माणूस, भर दिवसा, स्थिर उभ्या गाडीचा नंबर २० मीटरवरून वाचतो. हेच प्रमाण लावले तर आपले ६५ मिलिमीटरचे अक्षर साधारण साडेसोळा मीटरवर, दुचाकीचा मागचा आकडा १० मीटरवर आणि पुढचा साडेसात मीटरवर येतो. ताशी ६० किलोमीटर वेगाची गाडी एका सेकंदाला साडेसोळा मीटरपेक्षा थोडे जास्तच अंतर कापते. म्हणजे अशा नजरेच्या माणसाजवळून डंपर सुटला की त्याचा नंबर वाचायला त्याच्या हातात एक सेकंद असतो. द्रुतगती मार्गावर ताशी १०० च्या वेगाने गाडी सेकंदाला २८ मीटर जाते, तिथे तेवढाही नाही. चांगल्या नजरेच्या तरुणाला याहून लांबून दिसेल हे खरे. पण अपघात पाहणारा साक्षीदार आपण निवडत नाही. तो बहुधा शेतावर चाललेली म्हातारी असते, टपरीवाला असतो, शाळेतून येणारे पोर असते.

मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर २०२४ पासून नंबर ओळखणारे कॅमेरे आहेत, शहरांत ई-चलनाचे कॅमेरे आहेत, मग माणसाने वाचायची गरज काय, असे मला एका अधिकाऱ्याने विचारले होते. कॅमेरे हवेतच. पण माझी प्रकरणे खंडाळा-लोणंद रस्त्यावरची, फलटण-दहिवडीची, पाटणच्या घाटातली असतात. तिथे कॅमेरा म्हणजे एखाद्या हार्डवेअर दुकानाच्या छपराखाली लावलेला. त्याचे फुटेज मी कितीतरी वेळा लॅपटॉपवर थांबवून थांबवून पाहिले आहे. गाडी दिसते, तिचा रंग दिसतो, हौद्याच्या आकारावरून जातही ओळखता येते. नंबरच्या जागी मात्र लखलखीत पांढरा चौकोन असतो. प्लेटवरचा परावर्तक पत्रा प्रकाश ज्या दिशेने आला त्याच दिशेने परत पाठवतो. रात्री कॅमेऱ्याचे स्वतःचे अदृश्य दिवे चालू असतात, तो उजेड प्लेटवरून थेट भिंगात परत येतो आणि अक्षरे पुसली जातात. मागून हेडलाइट लावून येणाऱ्या मोटारचालकाला हाच पत्रा उत्तम दिसतो, कारण उजेडही त्याचा आणि डोळेही त्याचेच. रस्त्याकडेला अंधारात उभ्या असलेल्या पायी माणसाला त्या परावर्तनाचा काही उपयोग नाही. त्याच्यासाठी नियम १०५ मधला दिवा आहे, मागच्या नंबरवर पांढरा उजेड टाकणारा. मालवाहू गाड्यांचा तो दिवा चालू आहे का, हे एकदा रात्री खंबाटकी घाटाच्या पायथ्याशी उभे राहून पाहावे. मी पाहिले आहे. बहुतेक गाड्यांना लाल दिवेच कसेबसे असतात.

म्हणून माझी पहिली आणि सर्वांत महत्त्वाची मागणी अवजड गाड्यांसाठी आहे. ट्रक, डंपर, टँकर, ट्रेलर, ऊस वाहणारे ट्रॅक्टर, काँक्रीट मिक्सर यांच्या मागच्या बाजूला, फाळक्यावर किंवा टाकीवर, पूर्ण नंबर ठसठशीत अक्षरांत साध्या रंगाने रंगवलेला असावा. निदान वीतभर उंच. प्लेट आहे तशीच राहू द्या, तिच्याशिवाय हा जास्तीचा नंबर. साधा रंग उजेड त्या पत्र्यासारखा थेट परत फेकत नाही, त्यामुळे दुकानाच्या कॅमेऱ्यात तो उमटतो. प्लेट खाली, चेसिसच्या आडव्या पट्टीवर, चाकांचा चिखल जिथे उडतो तिथे असते. फाळका त्या मानाने वर असतो. खर्च म्हणाल तर एका पेंटरचा अर्धा दिवस. आपल्याकडे ट्रकच्या मागे जागा नाही असे कोण म्हणेल? तिथे देवांची नावे मावतात, गावाचे नाव मावते, मुलांची नावे, शेर, मोराचे चित्र मावते, आणि ते सगळे मलाही आवडते. ‘हॉर्न ओके प्लीज’ लिहू नये असा आदेश २०१५ मध्ये आपल्याच विभागाने काढला होता. मागच्या बाजूला काय नसावे हे विभाग सांगू शकतो, तर काय असावे हेही सांगू शकतो.

हे प्रत्यक्षात आणायची जागाही आपल्या हातात आहे. प्रवासी वा मालवाहू गाडीला आठ वर्षांपर्यंत दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी पासिंगला, म्हणजे योग्यता तपासणीला, यावेच लागते. त्या दिवशी ब्रेक, दिवे, परावर्तक पट्ट्या पाहतात. त्याच तपासणीत एक गोष्ट वाढवावी: निरीक्षकाने गाडीच्या मागे वीस पावलांवर उभे राहून नंबर मोठ्याने वाचायचा. वाचता आला नाही तर गाडी पास नाही. याला यंत्र लागत नाही, निविदा लागत नाही.

उसाच्या ट्रॅक्टरांबद्दल वेगळे लिहायलाच हवे, कारण सातारा, सांगली, कोल्हापूर, सोलापूर या पट्ट्यात हिवाळ्याच्या रात्री त्यांच्याच असतात. ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या. मोळ्या रचून रचून ट्रॉलीच्या कडेबाहेर दोन-दोन हात आलेल्या. मागे लाल दिवा नाही, असला तर उसाखाली झाकलेला. ट्रॉलीला स्वतःची नोंदणी असते, तिचा नंबर असायला हवा, तो उसाच्या पाल्यामागे कुठेतरी असतो किंवा नसतोच. मागून दुचाकीवाला येऊन आदळतो, ट्रॅक्टरवाल्याला गाण्याच्या आवाजात काही कळतही नाही, आणि तो कारखान्याच्या काट्यावर निघून जातो. सकाळी रस्त्यावर राहतो तो दुचाकीवाला आणि सांडलेला ऊस. एका रात्रीत त्या रस्त्याने शेकडो ट्रॉल्या गेलेल्या असतात, कुठली म्हणून शोधायची? कारखान्याचा वजनकाटा ही एकच जागा अशी आहे जिथे प्रत्येक ट्रॉली थांबते. साखर आयुक्तालयाशी बोलून आपण एवढे ठरवून घ्यावे की ट्रॉलीचा नंबर मागून वाचता आल्याशिवाय काट्यावर वजन होणार नाही. परावर्तक कापड लावण्याची मोहीम काही कारखाने मनापासून राबवतात, त्याच कापडावर नंबर छापता येईल का तेही पाहावे. खडी क्रशरच्या आणि वाळूच्या काट्यांनाही हीच अट हवी, तिथे पावसाळ्यात प्लेट धुतल्याशिवाय गाडी बाहेर सोडू नये.

आता अक्षरांच्या आकाराबद्दल. नियम ५१ च्या तक्त्यात उंची आहे, जाडी आहे, अंतर आहे. कुठले अक्षर कुठल्या आकड्यासारखे दिसू नये, याविषयी तिथे काही नाही. इंग्रजी बी आणि आठ, डी आणि शून्य, एस आणि पाच, झेड आणि दोन, या जोड्या लांबून एकच दिसतात. माझ्या साक्षीदाराचा घोळ तिथेच झाला. राज्य बदलले तरी तोच नंबर चालणारी बीएच मालिका २०२१ मध्ये आली तेव्हा तिच्यातून आय आणि ओ ही दोन अक्षरे वगळली, म्हणजे हा विचार आपल्या यंत्रणेला परका नाही, तो अर्ध्यावर थांबला आहे. जर्मनीत सत्तरच्या दशकात दहशतवादी टोळ्या चोरीच्या गाड्यांवर रंगाच्या एखाद्या फटकाऱ्याने नंबर बदलत. तेव्हा कार्लगेऑर्ग होफर नावाच्या अक्षरकाराकडून खास लिपी करून घेण्यात आली. तिच्यात पी ला शेपूट जोडून आर करता येत नाही, तीनचा आठ करता येत नाही, कारण प्रत्येक चिन्हाचा घाट मुद्दाम वेगळा ठेवला आहे. दिसायला ती अक्षरे जरा बेढब आहेत. फेरफार रोखण्यासाठी केलेल्या त्या वेगळेपणाचा दुसरा फायदा असा, की दोन चिन्हे एकमेकांत मिसळत नाहीत आणि वाचणाऱ्याची गफलत कमी होते. मुंबई-पुण्यात सुलेखनाची आणि अक्षररचनेची उत्तम परंपरा आहे, आयआयटी मुंबईत औद्योगिक रचनेचे केंद्र आहे. भारतीय नंबर प्लेटसाठी अक्षरे घडवायचे काम त्यांना द्यावे, आणि ती चाचणी प्रयोगशाळेत न करता पावसात, संध्याकाळी, रस्त्याकडेला साठीच्या माणसांना उभे करून करावी. नियम केंद्राचा आहे, आपण तो बदलू शकत नाही, हे मला कळते. पण देशात सर्वाधिक गाड्या असलेल्या राज्यांपैकी एकाचे आयुक्त जेव्हा केंद्राला लेखी शिफारस करतात, तेव्हा ती टेबलावरून सहज बाजूला सारता येत नाही.

एचएसआरपीवर टीका करणे हा माझा हेतू नाही. तिच्यामुळे एक मोठे काम झाले: नंबराचा दागिना करायची चाल मोडली. ४१४१ चा ‘दादा’, २१४ चा ‘राम’, ८०५५ चा ‘बॉस’ करून फिरणाऱ्या गाड्या आपण सगळ्यांनी पाहिल्या आहेत. त्या तिरक्या, वळणदार, पुसट अक्षरांपेक्षा आजची उठावाची सारखी अक्षरे कितीतरी बरी. न निघणारे कुलूप, २० मिलिमीटरचा होलोग्राम, लेझरने कोरलेला क्रमांक, सगळे योग्य. पण हे सगळे प्लेट खरी की बनावट हे ठरवण्यासाठी आहे. अक्षरांच्या काळ्या पट्टीतसुद्धा तिरपे ‘इंडिया’ भरलेले असते. दुचाकीची मागची प्लेट २०० बाय १०० मिलिमीटर, म्हणजे पोस्टकार्डाच्या साधारण दीडपट. तिच्यात डावीकडे होलोग्राम, निळ्या रंगात देशाची खूण, कोरलेला क्रमांक, कुलपांची भोके, आणि उरलेल्या जागेत नंबर. दुचाकीच्या मागे याहून मोठी प्लेट बसणार नाही असे मला वाटत नाही. ब्रिटनमध्ये मोटारसायकलच्या अक्षरांची उंची ६४ मिलिमीटर आहे, आपल्या मोटारीइतकी. आपल्याकडे दुचाक्या एवढ्या प्रचंड, आणि पायी माणसाला ठोकरून पळणाऱ्यांत त्याही असतात, तरी त्यांचा नंबर सर्वांत बारीक का?

मराठी आकड्यांचा विषय नाजूक आहे, पण तो टाळून हे पत्र पुरे होणार नाही. नियम ५० प्रमाणे नंबर इंग्रजी अक्षरांत आणि आंतरराष्ट्रीय आकड्यांतच हवा. मराठीत नंबर लिहिल्याबद्दल दंड भरलेले कितीतरी लोक माझ्या ओळखीत आहेत आणि त्यांचा राग मला समजतो. तरीही मुख्य प्लेट देशभर एकाच लिपीत असावी असे माझे मत आहे. कर्नाटकातल्या हवालदाराला सांगलीची गाडी वाचता आली पाहिजे. शिवाय देवनागरी चार लांबून इंग्रजी आठसारखा दिसतो, देवनागरी सातात सहाचा भास होतो. दोन पद्धती एकाच प्लेटच्या जागेवर फिरू लागल्या तर गोंधळ साक्षीदाराचाच व्हायचा. पण दुसरी बाजूही तेवढीच खरी आहे. माझ्याकडे आलेल्या एका खटल्यात डोळ्यांदेखत अपघात पाहणारी एकमेव व्यक्ती म्हणजे बांधावर खुरपत असलेली बाई होती. चौथी शिकलेली. तिला मराठी आकडे येत होते, इंग्रजी अक्षरे येत नव्हती. तिने ट्रकचा निळा रंग सांगितला, मागे काढलेली कमळे सांगितली, ‘आई तुळजाभवानीची कृपा’ हे सगळे वाचून सांगितले, फक्त नंबर सांगता आला नाही. त्या ट्रकच्या मागे भवानीच्या नावाखाली ‘एमएच ११’ आणि पुढचे आकडे मराठीत रंगवलेले असते, तर ती घडाघडा म्हणाली असती. म्हणून फाळक्यावरचा जो जास्तीचा मोठा नंबर मी मागते आहे, तो दोन्ही लिप्यांत असावा. मराठीचा आग्रह धरायला याहून चांगली जागा कुठली?

रस्त्यावरच्या अंमलबजावणीबद्दल थोडेच. नव्या प्लेटवर लोक आता पारदर्शक प्लास्टिक लावतात, ते वर्षभरात पिवळे पडते. चौकटी बसवतात, त्यांच्या कडेने अक्षरांची टोके खाल्ली जातात. दुचाक्यांच्या प्लेट वर वाकवलेल्या असतात, कॅमेरा चुकवायला आकड्यावर पट्टी चिकटवलेली असते. मग कॅमेरा एखादा आकडा चुकीचा वाचतो आणि चलन भलत्याच्याच नावावर जाते. माझ्याकडे एक शिक्षिका आल्या होत्या, ज्या शहरात त्या कधी गेल्या नाहीत तिथले सिग्नल तोडल्याचे चलन घेऊन. ते रद्द करायला त्यांना बऱ्याच खेपा घालाव्या लागल्या. रस्त्यावर गाड्या तपासणाऱ्या आपल्या वायुवेग पथकांनी वाचता न येणारी प्लेट हा किरकोळ गुन्हा समजू नये. कलम ३९ प्रमाणे ठरलेल्या रीतीने नंबर न दाखवता गाडी रस्त्यावर आणताच येत नाही. आणि दंडाच्या पावतीपेक्षा मला त्याच जागी प्लेट साफ करून, पट्टी काढून, दिवा बदलून गाडी पुढे सोडणे जास्त मोलाचे वाटते.

पोलिस ठाण्यांबाबत एक विनंती गृह विभागाकडे आपण पोचवावी. साक्षीदाराला बहुधा शेवटचे दोन-तीन आकडे आणि जिल्ह्याचा क्रमांक आठवतो. तेवढ्यावर, गाडीचा प्रकार आणि रंग जोडून, नोंदणीच्या संगणकातून संभाव्य गाड्यांची यादी त्याच रात्री काढणे ही प्रत्येक ठाण्यातली रोजची सवय व्हावी. एमएच ११ मध्ये शेवटचे तीन आकडे सारखे असलेल्या गाड्या शेकड्यांनी निघतील, पण त्यांतले निळे टेम्पो किती? हातावर मोजण्याइतके. ते दुसऱ्या दिवशी सकाळी दुरुस्तीच्या गॅरेजला जायच्या आत पाहता आले, तर काच आणि रंग जुळवता येतात. महिन्याने पाहिले तर नवी काच आणि नवा रंग दिसतो.

ऊस गळीत हंगाम दिवाळीच्या आगेमागे सुरू होतो. कारखान्यांच्या काट्यावरची अट आणि पासिंगच्या वेळची वीस पावलांची तपासणी, या दोन गोष्टींना केंद्राच्या नियमात बदल लागत नाही. आपल्या सहीचे परिपत्रक आणि साखर आयुक्तांशी एक बैठक पुरेशी व्हावी. फाळक्यावरच्या नंबरासाठी राज्याच्या नियमांत दुरुस्ती लागणार असेल तर तिचा मसुदा लोकांच्या हरकतींसाठी प्रसिद्ध करावा. आमच्या वकील संघातले आम्ही काही जण त्यावर लेखी सूचना द्यायला तयार आहोत, आणि ज्या प्रकरणांत नंबर न वाचल्यामुळे ए समरी झाली त्यांची टिपणे, नावे वगळून, आपल्या कार्यालयाला देऊ. आपण वेळ दिल्यास मी ती घेऊन मुंबईला येईन.

कळावे,
आपली नम्र,
मोटार अपघात दावे चालवणारी एक वकील, जिल्हा सातारा